पांढरं जातंय खरं, पण कशामुळे?

ताई, नमस्कार. वय ३१, लग्नाला चार वर्षं झालीत. गेल्या आठ महिन्यांत तिसऱ्यांदा तोच त्रास होतोय. अंगावरून पांढरं जातं, खाली आग होते. पहिल्या वेळी खूप खाज होती, औषधाच्या दुकानातून एक गोळी आणली आणि दोन-तीन दिवसांत बरं वाटलं. दुसऱ्या वेळी तीच गोळी घेतली, काही फरक पडला नाही, आपोआपच कमी झालं. या वेळी खाज फारशी नाही, पण वास येतो. इंटरनेटवर वाचून ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून आतून धुतलं, दही लावलं, साखर सोडली. सकाळी उठल्याबरोबर ग्लासभर पाण्यात थुंकून बघायची टेस्ट केली, तर लाळेच्या तारा खाली उतरल्या. म्हणजे अंगभर बुरशी पसरली आहे, असं तिथे लिहिलं होतं. आता लसणाची पाकळी आत ठेवायचा उपाय वाचलाय, तो करू का? मी दिवसातून दोनदा साबणाने धुते, तरी असं का होतं? आणि हे नवऱ्यामुळे होतं का? त्याला विचारायचा धीर होत नाही.
— एक वैतागलेली वाचक

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

आधी लसणाचं बोलू, कारण तू हे वाचेपर्यंत पाकळी सोलून तयार असायची. ठेवू नकोस. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत लसणाचा अर्क बुरशीची वाढ रोखतो, एवढं खरं आहे, आणि तो सगळा उपाय त्या एवढ्याशा सत्यावर उभा आहे. तशी बुरशी ब्लीचनेही मरते. कच्चा लसूण नुसता हातापायाच्या कातडीवर बांधून ठेवला तरी भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. आतलं अस्तर तर त्याहून कितीतरी नाजूक, आणि तुझ्या बाबतीत ते व्हिनेगरने आधीच चिडलेलं.

ग्लासातल्या थुंकीवरून घाबरून जाऊ नकोस. लाळेत म्युसिन नावाची चिकट प्रथिनं असतात. रात्रभर पाणी प्यायलेलं नसतं, त्यामुळे सकाळी लाळ दाट होते आणि पाण्यात तिच्या तारा सुटतात. कुणाच्याही सुटतील. त्या तारांचा आणि बुरशीचा संबंध नाही. कॅन्डिडा ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुक्कामाला असतेच, तिचा काही उपद्रव नसतो. ती रक्तात शिरून अंगभर पसरते तो आजार वेगळाच, आयसीयूतला. ज्याला तो होतो तो माणूस सकाळी उठून ग्लास न्याहाळत उभा राहत नाही. ही टेस्ट सांगणारे बरेच जण पुढच्याच परिच्छेदात ‘कॅन्डिडा क्लीन्स’चा कोर्स विकत असतात, हेही जाता जाता बघून ठेव.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातल्या ‘तोच त्रास’ या दोन शब्दांशी मी अडले. तोच कशावरून? तूच लिहिलंयस की पहिल्या वेळी खाज होती आणि गोळीने गुण आला, दुसऱ्या वेळी गुण आला नाही, आणि या वेळी खाज नाही पण वास आहे. हे वाचून कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिली शंका येईल ती ही की हे तीन वेळा उलटलेलं एकच दुखणं नसून निदान दोन वेगळी दुखणी असावीत. घरगुती उपायांवर माझा खरा राग आहे तो इथे. दह्याने फार काही बिघडत नाही. पण ‘काय लावू?’ या प्रश्नाच्या नादात ‘झालंय काय?’ हा प्रश्न आठ महिने मागे पडला.

योनीमार्गातल्या इन्फेक्शनची मुख्य कारणं तीन. एक कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. यात खाज जबरदस्त असते, स्राव दाट, फाटलेल्या दुधासारखा असतो, बाहेरची त्वचा लाल होते, लघवी करताना चुरचुरतं, पण वास सहसा नसतो. दर चार बायकांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात कधी ना कधी हे होतं. दुसरं बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात बाहेरून कुठला एक जंतू हल्ला करत नाही, आतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडतो: लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू कमी होतात आणि इतर जंतू बेसुमार वाढतात. स्राव पातळ, करडा-पांढरा, आणि वास माशासारखा, संबंधांनंतर जास्तच जाणवणारा. खाज कमी किंवा अजिबात नाही. तिसरं ट्रायकोमोनास, हा एक सूक्ष्म परजीवी, शरीरसंबंधातून येणारा. स्राव पिवळसर-हिरवट, फेसाळ असू शकतो, आग होते, वासही येतो, पण बहुतेकांना काही त्रासच जाणवत नाही.

वाचताना वाटतं, अरे, हे तर सोपं आहे, लक्षणं जुळवली की झालं. इंटरनेटवरच्या तक्त्यांनी हाच भ्रम पसरवलाय. प्रत्यक्षात लक्षणं एकमेकांत मिसळतात, कधी दोन आजार एकाच वेळी असतात. २००२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. दुकानातून स्वतःच्या मनाने बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं, तर निव्वळ बुरशी निघाली ती जेमतेम एक तृतीयांश जणींना. बाकीच्यांना व्हजायनोसिस होता, ट्रायकोमोनास होता, एकाहून जास्त गोष्टी होत्या, आणि काहींना काहीच नव्हतं. ज्यांना पूर्वी डॉक्टरांनी बुरशी असल्याचं सांगितलं होतं, त्यांचाही अंदाज इतरांपेक्षा बरा ठरला नाही. ‘मला माहितीये, मागच्या वेळी हेच झालं होतं’ याला फारसा अर्थ नाही तो यामुळे.

आणि खरं निदान काही फार मोठं प्रकरण नसतं. डॉक्टर स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सलाईनमध्ये मिसळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ट्रायकोमोनास असेल तर तो तिथे शेपट्या हलवत झटके देत फिरताना दिसतो. व्हजायनोसिस असेल तर अस्तराच्या पेशींवर जंतू इतके दाटीवाटीने चिकटलेले असतात की पेशीची कडच दिसत नाही. याला ‘क्लू सेल’ म्हणतात, १९५५ पासून हे निदानाचं चिन्ह मानलं जातं. मग दुसऱ्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. त्याबरोबर माशासारखा वास उठला तर पारडं व्हजायनोसिसकडे झुकतं, आणि इतर पेशी विरघळून गेल्यामुळे बुरशीचे धागे असले तर तेही उघडे पडतात. सोबत पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (कमी आकडा म्हणजे जास्त आम्ल), बघायची एक पट्टी. हे सगळं काही मिनिटांत होतं. यातूनही न उलगडलं तर स्वॅब लॅबमध्ये पाठवतात. आतून तपासणीची धास्ती असेल तर कित्येक चाचण्यांसाठी स्वॅब स्वतःचा स्वतः घेता येतो, तसं विचारायला संकोच करू नकोस.

पीएचवरून व्हिनेगर आठवलं. या उपायामागचा तर्क ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतो: योनीमार्ग निरोगी असताना आम्लधर्मी असतो, व्हिनेगर आम्ल आहे, तेव्हा व्हिनेगर घाला. पहिला भाग बरोबर आहे. पाळी सुरू असलेल्या वयात तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये तिथल्या जंतूंचं वर्णन केलं, तेच आजचे लॅक्टोबॅसिलस. अस्तरातल्या ग्लायकोजेनच्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल बनवत राहतात, त्यामुळे बाकीच्या जंतूंना डोकं वर काढता येत नाही. म्हणजे आम्ल हे त्या जंतूंच्या कामाचं फळ आहे. तू पाण्याच्या धारेने आम्ल बनवणाऱ्यांनाच धुऊन काढलंस आणि वरून ओतलेलं आम्ल थोड्या वेळात वाहून गेलं. आतून धुण्याची सवय असलेल्यांमध्ये व्हजायनोसिस जास्त आढळतो, गर्भाशयाकडे आणि नळ्यांकडे इन्फेक्शन चढण्याचंही प्रमाण जास्त आढळतं. शिवाय गंमत म्हणजे, बुरशीत पीएच बहुधा नॉर्मलच असतो. कॅन्डिडा त्या आम्लात सुखाने राहते. तेव्हा बुरशी समजून व्हिनेगर वापरणं हे नसलेल्या बिघाडाची दुरुस्ती करणं झालं.

घरी पीएच तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यांचाही तेवढाच उपयोग. आकडा ४.५ च्या वर गेला तर ‘नुसती बुरशी नसावी’ इतपत कळतं. व्हजायनोसिस की ट्रायकोमोनास, हे ती पट्टी सांगू शकत नाही. पाळीचं रक्त किंवा वीर्य असेल तर आकडा तसाही वर जातो. पाळी जायच्या वयानंतर तो वरच राहतो.

‘दिवसातून दोनदा साबणाने धुते, तरी असं का?’ तुझं हे ‘तरी’ काढून टाक. अस्वच्छतेमुळे हे होतं, ही सगळ्या गैरसमजांमधली सर्वांत घातक समजूत, कारण ती बाईला गुन्हेगार ठरवते, मग ती आणखी धुते आणि त्रास आणखी वाढतो. बाहेरचा भाग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुतला की पुरे. आत काहीही घालायचं नाही: साबण नाही, सुगंधी वॉश नाही, ‘पीएच बॅलन्स्ड’ लिहिलेलं महागडं द्रावणही नाही. आतली सफाई शरीर स्वतः करतं, रोजचा थोडा स्राव हीच ती सफाई. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो पारदर्शक, ताणला जाणारा होतो, मग दाट होतो, कपड्यावर वाळला की पिवळसर दिसतो. हा आजार नाही, आणि त्यामुळे ताकद जात नाही की हाडं झिजत नाहीत. रंग, वास, प्रमाण नेहमीपेक्षा बदललं किंवा खाज-आग सुरू झाली, तरच शोध घ्यायचा.

दह्याबद्दल मला थोडं मवाळ बोलायचंय, कारण कल्पना अगदीच चुकीची नाही. गेलेले चांगले जंतू परत आणावेत, हा विचार संशोधकही करतात. फक्त दह्यातले जंतू वेगळे आणि योनीतले वेगळे. तिथे सगळ्यांत उपयोगी मानला जातो तो लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस, आणि तो दह्यात नसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्हजायनोसिसचे उपचार झाल्यावर याच क्रिस्पॅटसची खास तयार केलेली पावडर योनीत वापरली. बारा आठवड्यांत आजार परतला तो ३० टक्के जणींना. नुसतं दिसायला तसंच, पण जंतू नसलेलं औषध मिळालेल्यांमध्ये हाच आकडा ४५ टक्के होता. म्हणजे फायदा आहे, पण तो निवडलेल्या जंतूचा, आधी रीतसर उपचार झाल्यावर, आणि तरीही पूर्ण नाही. दही खायला माझी काहीच हरकत नाही.

साखरेचं असंच अर्धसत्य. मधुमेह ताब्यात नसेल तर बुरशी वारंवार होते, हे पक्कं. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन त्यातल्याच, त्यांच्यानेही बुरशीचा त्रास वाढतो. पण रक्तातली साखर नॉर्मल असलेल्या बाईने गोड सोडल्याने इन्फेक्शन बरं होतं, याला भक्कम आधार नाही. वारंवार बुरशीच निघाली तर रक्तातली साखर एकदा तपासून घे. अलीकडे कुठल्या कारणाने अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का, तेही आठव. त्याने चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

ती दुकानातली गोळी बहुधा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असणार. साध्या बुरशीवर तिचा एक डोस पुरतो, आणि पहिल्या वेळी गुण आला तो बहुधा त्यामुळेच. व्हजायनोसिसवर ती काहीच करत नाही. त्याला सहसा मेट्रोनिडाझोल सात दिवस घ्यावं लागतं, आणि ते बुरशीवर काही करत नाही. गरोदरपणात फ्लुकोनाझोलची गोळी टाळतात, तेव्हा फक्त योनीत वापरायचं बुरशीविरोधी औषध देतात. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांपासूनही सावध राहा. खाज तासाभरात थांबते, म्हणून ती गुणकारी वाटतात, पण खाली आजार तसाच असतो आणि फार दिवस वापरली तर त्वचा पातळ होते. बोरिक ॲसिडचंही पुढे कुठेतरी वाचशील. तो मात्र गैरसमज नव्हे. नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीसाठी डॉक्टर त्याच्या कॅप्सूल योनीत ठेवायला देतात. गिळली तर ते विष आहे आणि गरोदरपणात वर्ज्य, तेव्हा स्वतःच्या मनाने नको.

आता नवरा. बुरशी लैंगिक आजारांमध्ये मोजली जात नाही, तिच्यावरून कुणावर संशय घेण्याचं कारण नाही. ट्रायकोमोनास मात्र संबंधांतूनच येतो, त्यात दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे असतात, नाहीतर औषध संपलं की तो पुन्हा तुझ्याकडे येतो. पण तो निघाला म्हणून लगेच घरात उलटतपासणी नको. कित्येक महिने तो अंगात गुपचूप राहू शकतो, त्यामुळे ‘कधी आणि कोणाकडून’ हे रिपोर्टवरून कळत नाही. व्हजायनोसिसच्या बाबतीत मात्र शास्त्राचंच मत हल्ली बदलतंय. नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही, असं आम्हीही वर्षानुवर्षं सांगत आलो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, तर बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्के निघालं. फक्त बाईला औषध दिलं तिथे ते ६३ टक्के होतं. फरक इतका मोठा होता की चाचणी वेळेआधी थांबवली. जुनी पानं वाचून ‘जोडीदाराचा काही संबंध नसतो’ असं कुणी सांगितलं तर हे लक्षात ठेव. तुला व्हजायनोसिस निघाला आणि तो परतणारा असला, तर नवऱ्याला औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. त्याच्याशी बोलायलाही मग हाच धागा धर: ‘डॉक्टर म्हणाल्यात, दोघांनी औषध घेतलं तर परत व्हायची शक्यता कमी.’ यात आरोप कुठे आला?

त्रास चालू असतानाच तपासणीला जा, बरं वाटायची वाट बघू नकोस. जाण्याआधी दोन-तीन दिवस आत कुठलंही औषध, दही, व्हिनेगर नको, आदल्या दिवशी संबंध नकोत, आणि जमलं तर पाळीचे दिवस टाळ. तिन्ही वेळची लक्षणं, तारखा आणि घेतलेल्या गोळीचं नाव कागदावर लिहून ने. ‘पुन्हा तेच झालंय’ एवढंच सांगितलंस तर घाईच्या ओपीडीत पुन्हा तेच औषध मिळेल. ‘स्राव तपासून सांगाल का नक्की काय आहे?’ असं सरळ विचार. रिपोर्टमध्ये कॅन्डिडा दिसली पण तुला खाज-आग काहीच नसेल, तर उपचारांची गरज नसते. दहा-वीस टक्के निरोगी बायकांमध्ये ती तशीच सापडते. वर्षात तीन वेळा खरोखर बुरशीच सिद्ध झाली, तर सुरुवातीच्या उपचारांनंतर आठवड्याला एक गोळी अशी सहा महिने देतात. त्या काळात बहुतेक जणी ठीक राहतात, बंद केल्यावर साधारण निम्म्या जणींना पुन्हा होतं. व्हजायनोसिसही अर्ध्याहून अधिक जणींमध्ये वर्षभरात परततो. हे आधीच सांगते, म्हणजे परतला तर ‘डॉक्टरचं औषधही फुकट गेलं’ म्हणून पुन्हा लसणाकडे वळायला नको. आणि तपासणीत यातलं काहीच निघालं नाही, तर सुगंधी पॅडची ॲलर्जी किंवा लायकेन स्क्लेरोससासारखा त्वचेचा आजारही असू शकतो, त्यालाही उपचार आहेत.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधांनंतर रक्त जाणं, फोड किंवा जखमा, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखव. दिवस राहिले असण्याची शंका असेल तरीही थांबू नकोस. व्हजायनोसिसचा आणि वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाचा संबंध दिसलेला आहे.

तोवर आग होतेय त्याचं काय? फक्त साधं गार पाणी, चोळून न पुसता टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे. बाहेरच्या चिडलेल्या त्वचेवर साधी पेट्रोलियम जेली पातळ लावायला हरकत नाही, मात्र तिने लेटेक्सचे कंडोम कमकुवत होतात हे ध्यानात ठेव. व्हिनेगर बंद केल्यावर आग दोन-तीन दिवसांत उतरली आणि वास व स्राव तसाच राहिला, तर तेही त्या कागदावर लिही. आजार किती आणि उपायांनी केलेली जखम किती, हे डॉक्टरांना त्यावरून वेगळं काढता येईल.